गाडी उचलून घ्यायची, की नुसते पाटे करायचे?

पाऊस तोंडावर आला की महाड-पोलादपूरकडच्या पिकअपवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. गाडी जुनी आहे, मागच्याच चाकांवर चालणारी आहे, वाडीच्या रस्त्याला खालून घासते. पाटे वाढवून किंवा ठोकळे टाकून दोन-तीन इंच उचलून घेतली तर चालेल का? कुणी विचारतं, पासिंगला अडवतील का? कुणाला वाटतं, गाडी उचलली की माल जास्त बसेल. आणि कुणाचं काम आधीच उरकलेलं असतं. स्टिअरिंग का भरकटतं, एवढंच त्यांना हवं असतं.

प्रश्न चैनीचा नाही. बारसगावच्या फाट्याने आत वळून कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथरकडे जाणारी गाडी वर्षातले चार महिने ओल्या रस्त्यावर असते. सिमेंट, पत्रे, खताची पोती वर न्यायची, भात-पेंढा खाली आणायचा, मधे गणपतीचं भाडं. फोर-व्हील ड्राइव्ह घेण्याएवढा पैसा या धंद्यात सुटत नाही. तेव्हा आहे त्या गाडीतूनच मार्ग काढावा लागतो.

उत्तर आधीच सांगतो. जुन्या पिकअपला बहुतेक वेळा उचलण्याची गरज नसते. तिचे पाटे बसलेले असतात आणि ते मूळ कमानीवर आणले की गेलेली उंची परत येते. कंपनीने दिलेली उंची परत मिळवणं ही दुरुस्ती आहे. तिच्या वर जाणं हा बदल आहे. कायदा, विमा आणि घाटातला ब्रेक, तिन्ही ठिकाणी हा फरक तुम्हाला भेटणार आहे.

आधी गाडीखाली शिरा

गॅरेजला जाण्याआधी अर्धा तास स्वतः काढा. गाडी सपाट जागी लावा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, बॅटरी घ्या आणि खाली शिरा. जॅक लावू नका. उभ्या गाडीखाली जेवढं दिसतं तेवढं पुरे आहे. शोधायच्या त्या घासल्याच्या खुणा. ताजी खूण चकचकीत असते, जुनीवर तांबूस गंज चढलेला असतो, खोल ओरखड्यात लाल माती दडपलेली असते. खूण नेमकी कशावर आहे, त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

- मागच्या हाउसिंगच्या फुगवट्यावर, म्हणजे डिफरन्शियलच्या पोटाला खूण: इथे पाटे, ठोकळे, शॅकल यांपैकी काहीही केलंत तरी तो भाग सूतभरही वर जाणार नाही. हाउसिंग चाकांना जोडलेलं आणि चाकं जमिनीला टेकलेली. उचलली जाते ती त्यावरची चॅसी. हाउसिंग वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, आणि टायरचा व्यास एक इंचाने वाढला तर हाउसिंग अर्धाच इंच वर जातं.
- सायलेन्सर किंवा त्याच्या पाइपवर खूण: आधी रबर आणि क्लॅम्प बघा. जुन्या गाडीत पाइप लोंबलेला असतो. हे किरकोळ काम आहे.
- स्टेपनीवर, मागच्या बंपरवर किंवा हौद्याच्या शेपटाला खूण: सपाटीवरून एकदम चढ लागतो तिथे हे घासतं. रिकामी असताना घासत नसेल आणि भरल्यावरच घासत असेल, तर पाटे बसलेत किंवा माल जास्त आहे.
- चॅसीखालच्या रबर बफरवर मार: रबर फाटलेलं, दबून चकाकलेलं दिसलं तर हाउसिंग वरचेवर चॅसीला आपटतंय. कारण वरचंच, पाटे नाहीतर वजन.

हाउसिंगलाच खूण दिसली तर उचलण्याचा विचार तिथेच सोडा. रस्त्याच्या मधला उंचवटा चाकाखाली घेऊन चालवणं, हाच त्यावरचा खरा इलाज आहे, आणि तो फुकट आहे.

मापं घ्या

“गाडी बसली आहे” हे डोळ्यांना वाटणं आणि टेपवर दिसणं वेगळं. पेट्रोलपंपाचं किंवा देवळाचं सपाट पटांगण गाठा, हौदा रिकामा करा, हवा स्टिकरवर दिली आहे तेवढी भरा आणि एका वहीत लिहा:

1. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. डाव्या-उजव्यात अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर एका बाजूचा पाटा तुटलेला किंवा बसलेला असण्याची शक्यता मोठी.
2. पाट्याची कमान. मेन पाट्याच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून पाट्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही बाजूंना सारखं हवं. पाटा दोरीला टेकला असेल, तर त्या पाट्याने नोकरी केव्हाच सोडली.
3. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, चाकं सरळ ठेवून, दोन्ही बाजूंनी. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून हाउसिंग एका अंगाला सरकलं आहे. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते आणि मालकाला वाटतं अलाइनमेंट गेलं.
4. नेहमीचा माल भरून पहिलं माप पुन्हा. रबर बफर आणि हाउसिंग यांच्यात किती जागा उरते तेही.

ही मापं त्याच मॉडेलच्या, कमी वापरलेल्या गाडीशी ताडून बघा, नाहीतर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मूळ आकडा विचारा. एक लक्षात असू द्या: रिकाम्या पिकअपची शेपूट वर असतेच. माल भरल्यावर ती सपाट व्हावी म्हणून कंपनीनेच ती तशी ठेवलेली असते. “पुढून बसलेली दिसते” म्हणून पुढची बाजू उचलून घेणारे भेटतात. भरल्यावर त्यांच्या गाडीचं तोंड आभाळाकडे आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

पर्याय कोणते, आणि कुणाला कोणता

पाटे उतरवून कमान देणं किंवा नवा संच टाकणं. आठ-दहा वर्षांच्या भाड्याच्या गाडीला माझं मत यालाच. पाटेवाला पाटे सुटे करतो, गंज काढतो, तडा गेलेला बदलतो, बाकीच्यांना कमान मारतो. मात्र नुसतं घणाने ठोकून दिलेली कमान टिकत नाही. पोलाद योग्य तापमानाला नेऊन पाणी दिलं तरच ते कमान धरतं. तो ते कसं करतो, हे विचारा. मेन पाटा एकदा कमान मारून परत बसला असेल, तर दुसऱ्यांदा त्यावर खर्च करू नका, नवा टाका. काम जोडीने करा. एकाच बाजूचा संच नवा टाकला तर गाडी एका अंगावर कलते.

एक पाटा वाढवणं. आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात गैरसमजाचा उपाय. उंची थोडी मिळते, पण गाडी कडक होते. भरलेली बरी चालते. रिकामी उड्या मारते, आणि ओल्या चढावर उडणारं मागचं चाक पकड सोडतं. पाटा दबत नाही म्हणून धक्का थेट पाट्याच्या ब्रॅकेटला आणि चॅसीला बसतो. रिव्हेट सैल होणं, ब्रॅकेटच्या मुळाशी तडा जाणं, ही पुढची बिलं. गाडी कायम भरलेलीच धावत असेल, आणि तीही आरसीवरच्या वजनात, तरच याचा विचार करा.

हाउसिंग आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा. मागच्या बाजूला पाटा हाउसिंगच्या वर बसत असेल तिथे एकच, पोलादी, खाचेत नेमका बसणारा ठोकळा घालण्याची पद्धत जगभर आहे. पण काही ठिकाणी हात आखडलाच पाहिजे:

- पुढच्या एक्सलखाली ठोकळा कधीही नाही. ब्रेकच्या ताणात तो सरकला तर स्टिअरिंग हातात राहत नाही.
- ठोकळ्यावर ठोकळा नाही. लाकूड नाही, पाइपचा तुकडा वेल्ड करून नाही.
- जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही, आणि ठोकळ्यामुळे तो लांबही लागतो.

लांब शॅकल. शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक हलतं. त्याचबरोबर हाउसिंग स्वतःभोवती थोडं फिरतं, प्रॉपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळेनासे होतात आणि ठराविक वेगाला गाडी थरथरू लागते. क्रॉस लवकर जातो. स्वस्त आहे एवढाच याचा गुण. मी सुचवणार नाही.

पुढे कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असेल तर. सगळ्या पिकअपना पुढे पाटे नसतात. खाली वाकून बघा. टॉर्शन बार आवळून पुढची बाजू वर येते खरी, पण चाकाचा खाली जाण्याचा प्रवास तेवढा कमी होतो आणि बॉल जॉइंटवर कायमचा ताण येतो. मूळ मापापर्यंत आणायला ठीक. त्यापुढे नको.

टू-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे शाफ्ट नाही, म्हणून ती उचलायला सोपी, असं गॅरेजमध्ये सांगतील. ते खरं आहे. पण सोपी असल्यामुळेच मागची बाजू तेवढी दोन इंच उचलून गाडी सोडून देतात. तीन मीटरच्या आतबाहेर व्हीलबेस असलेल्या गाडीत तेवढ्याने पुढच्या चाकांचा कॅस्टर कोन जवळपास एक अंशाने कमी होतो. परिणाम रस्त्यावर कळतो: वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, वेगात गाडी इकडेतिकडे हुंगत चालते. “काम केल्यापासून स्टिअरिंग भरकटतं” म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

ब्रेकचं विसरतात, तेच आधी बघा

पुष्कळशा पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगजवळ चॅसीला एक छोटा व्हॉल्व असतो आणि त्याची दांडी किंवा स्प्रिंग हाउसिंगला अडकवलेली असते. गॅरेजमध्ये त्याला एलएसपीव्ही म्हणतात. काम साधं. माल भरला की चॅसी खाली येते, दांडी हलते, व्हॉल्वला कळतं की मागे वजन आहे आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की चॅसी वर असते, तेव्हा मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून तो दाब कमी करतो.

आता चॅसी दोन इंच कायमची वर नेलीत आणि दांडी होती तशीच ठेवलीत, तर काय होईल? व्हॉल्वला गाडी नेहमी हलकीच वाटणार. वर टनभर सिमेंट असलं तरी मागचे ब्रेक अर्धपोटी चालतील आणि सगळा भार पुढच्यांवर येईल. सपाट रस्त्यावर हे जाणवतही नाही. वरंध घाट किंवा आंबेनळी उतरताना पुढचे लायनर तापून पेडल मऊ पडायला लागतं तेव्हा जाणवतं. नुसते पाटे मूळ कमानीवर आणले तरी हा व्हॉल्व तपासून घ्या, कारण बसलेल्या पाट्यांच्या काळात कुणीतरी दांडी वाकवून ‘सेट’ करून ठेवलेली असू शकते. त्याचं माप कंपनीच्या पुस्तकात असतं. अंदाजाने फिरवायचा तो स्क्रू नाही.

त्याच फेरीत या गोष्टीही:

- चॅसी घोडीवर घेऊन मागची-पुढची चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचे होज पाइप बघा. ताणले जात असतील तर लांब होज हवा. हँडब्रेकची केबल आणि हाउसिंगची हवेची नळीही तशीच.
- शॉकअपची दांडी पूर्ण बाहेर येऊन अडत असेल तर शॉकअपच पाट्याचा लगाम झालाय. तो लवकरच गळणार.
- स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवून टायर कुठे घासतो का बघा.
- संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावून दिवे खाली करून घ्या. काशेडीच्या धुक्यात वर गेलेले दिवे तुम्हालाच पांढरी भिंत दाखवतात.

चॅसी पेलेल का?

कोकणात गाडीचं वय वर्षांवर मोजू नका, गंजावर मोजा. पाट्याच्या मागच्या ब्रॅकेटवर आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर चिखल साचून राहतो आणि पत्रा आतून खातो. लहान हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बोद आवाज आला, पापुद्रे सुटले, तर आधी चॅसीचं काम. अशा चॅसीवर कडक पाटे चढवणं म्हणजे तडा मागून घेणं.

वेल्डरला दोन सूचना आवर्जून द्या. पाट्यांवर वेल्डिंग नाही, आणि शेजारी वेल्डिंग करताना ठिणग्या पाट्यांवर पडू द्यायच्या नाहीत, ओलं गोणपाट झाकायचं. पोलादाचं पाणी जिथे उतरतं तिथूनच पुढे पाटा तुटतो. बॅटरीची तारही आधी काढायला सांगा.

गॅरेजशी व्यवहार

ओळखीच्या माणसाकडे काम देताना कागद मागायला आपल्याला संकोच वाटतो. तो सोडा. कामाआधी लिहून घ्यायचं ते एवढंच:

1. कोणकोणते पाटे बदलणार, किती आणि कुठल्या बनावटीचे. कमान मारणार असतील तर कोणत्या.
2. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, बुश, शॅकल पिन नवीन की जुनेच.
3. काम संपल्यावर चारही कोपऱ्यांची मापं. तुमच्या वहीतली आधीची मापं शेजारी असू द्या.
4. काढलेले सुटे भाग परत मिळणार का. ते तुमचे आहेत. पाटे भंगारात किलोवर जातात, म्हणून ते गॅरेजमध्येच राहून जातात.
5. यू-बोल्ट पुन्हा आवळून देण्याचं आश्वासन. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर एकदा आणि पाचशेच्या आसपास परत. पाटे नवे बसताना थोडे दबतात आणि नट सैल होतात. हे काम चुकलं तर बाकी सगळं चोख असून उपयोग नाही.

पक्कं बिल घ्या.

कायदा काय म्हणतो

“आरसीवर उंचीचा रकाना कुठे आहे?” असं म्हणून धीर देणारे पुष्कळ आहेत. त्या धिरावर विसंबू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हा अर्थ आणखी घट्ट केला: उत्पादकाने मंजुरी घेतलेल्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

म्हणून तुमच्या कामाची विभागणी अशी करा:

- निर्धास्त करा: मूळ संख्येचे, मूळ मापाचे पाटे, बुश, शॅकल, शॉकअप बदलणं, मूळ मापाचे टायर.
- आधी विचारा: कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेला टायर किंवा पाट्याचा संच. अधिकृत विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि एमएच-०६ पासिंगची गाडी असेल तर पेणच्या परिवहन कार्यालयात दाखवा.
- रस्त्यावरच्या गाडीला करू नका: ठोकळे, लांब शॅकल, मडगार्डबाहेर येणारे टायर, चॅसी कापून-जोडून केलेलं काहीही.

भाड्याच्या गाडीला पासिंग चुकत नाही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. उचललेली गाडी एखाद्या वर्षी निसटेल. पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर गाडी शांतपणे, टेप घेऊन बघतो. केलेला बदल तुम्ही विमा कंपनीला कळवला नसेल आणि अपघाताचा त्याच्याशी संबंध लागत असेल, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला कारण मिळतं. समोरच्याची भरपाई विमा कंपनीला द्यायला लावून ती तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयं काही प्रकरणांत कंपनीला देतात.

पाटा वाढला, वजन वाढलं नाही

हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. जादा पाटा टाकल्याने आरसीवरचं वजन एक किलोनेही वाढत नाही. हाउसिंग, बेअरिंग, टायर, ब्रेक सगळं जुनंच असतं. वाढलेला असतो तो फक्त तुमचा विश्वास.

हिशोब घरी करून बघा. आरसीवरच्या एकूण वजनातून रिकामं वजन वजा करा. समजा एकूण २८०० किलो आणि रिकामी १७०० किलो, उरले ११००. त्यातून चालक आणि बरोबरच्या माणसाचे दीडशे काढा. नंतर बसवलेल्या लोखंडी जाळीचे ऐंशी काढा, कारण ते आरसीत नाहीत. राहिले ८७०. म्हणजे पन्नास किलोची सतरा पोती सिमेंट. अठरावं पोतं कायद्याबाहेर आहे.

कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल तुमच्या खर्चाने उतरवावा लागतो. वजन करायला नकार दिलात तर ४०,०००. पेंढा भरणाऱ्यांनी उंचीचंही बघावं. हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीवर माल गेला तर वेगळा दंड आहे, आणि उचललेल्या गाडीवर रचलेला उंच पेंढा वळणावर गाडीला कुठे नेतो ते सांगायला नको.

तुमचे हक्क

- कागद: डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं चालतात. जवळ नसतील तर केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे ती दाखवायला पंधरा दिवस मिळतात.
- वजन: अधिकाऱ्याला जास्त वजनाचा संशय आला तर पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत असलेल्या काट्यावर तो गाडी नेऊ शकतो. काट्याची पावती मागा. नुसत्या नजरेच्या वजनावर दंड मान्य करू नका.
- चलन: चूक वाटत असेल तर जागेवर पैसे भरण्याची सक्ती नाही, न्यायालयात बाजू मांडता येते. भरलंत तर पावती घेतल्याशिवाय हलू नका.
- गॅरेजची चूक: काम सदोष निघालं तर दोन वर्षांच्या आत अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि ई-जागृती या संकेतस्थळावर ती घरून दाखल होते. “तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही,” असं ऐकवलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी गाडी चालवणारा मालक कायद्याने ग्राहकच आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलून बघा, पुष्कळ तंटे तिथेच मिटतात.
- विम्याचा नकार: कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करूनही उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येतं. नकारानंतर एक वर्षाची मुदत असते.

मग चिखलात चाक फिरतं, त्याचं काय?

अर्ध्याअधिक वाचकांची खरी अडचण उंचीची नसतेच. रिकामी पिकअप मागून हलकी, आणि जोर तर मागच्याच चाकांना. ओल्या चढावर एक चाक गरगरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं. गाडी चार इंच उचललीत तरी ते तसंच गरगरणार.

त्यापेक्षा हे करा. मागचे टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घ्या. ओल्या डांबरावर रिमोल्ड टायर टाळा. रिकामी गाडी वर न्यायची असेल तेव्हा वाळूची तीन-चार पोती मागच्या एक्सलच्या बरोबर वर ठेवा आणि पक्की बांधा. अगदी शेपटाला ठेवलीत तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग जातं. चढ एका गियरमध्ये, एका लयीत काढा. चाक फिरू लागलं की ॲक्सिलरेटर वाढवू नका, सोडा. फावड्याने चाकासमोरची माती काढून खडी नाहीतर पोतं टाका.

आणि पाण्याबद्दल एकच. मोरीवरून पाणी वाहत असेल तर उचललेली गाडी आणि न उचललेली गाडी यांच्यात फरक नाही. पाणी चाकाच्या निम्म्यावर आलं आणि त्याला ओढ असली की भरलेली पिकअपही सरकते. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बाजारपेठेत काय झालं ते आपण पाहिलं आहे. थांबा. पाणी उतरल्यावर जा, आणि हाउसिंग बुडालं असेल तर तेल बघा. दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय चालवू नका.

हे काम शिमगा उरकला की हाती घ्या, मे महिन्याच्या अखेरीवर ढकलू नका. पाटे चढवल्यावर यू-बोल्ट दोनदा आवळायला न्यायचे आहेत आणि भरल्या गाडीने एकदा ब्रेकची परीक्षा घ्यायची आहे. ते सगळं कोरड्या रस्त्यावर, पहिल्या पावसाआधी झालेलं बरं.